चंदाच्या मापाचा ओटा

आमच्या जठारपेठेत माणसाला टोपणनाव चिकटायला वेळ लागत नाही. समोरच्या घरातल्या चंदाला बायका ‘पाटावरची’ म्हणत. नवरी म्हणून पाटावर चढली ती अजून उतरलीच नाही, अशी ती थट्टा. थट्टा करणाऱ्यांच्या जिभेला हाड नसतं म्हणतात, ते काही खोटं नाही.

त्या नावामागची गोष्ट अगदी साधी होती. चंदाची सासू गोदाबाई अंगापिंडाने धिप्पाड. घर बांधलं तेव्हा स्वयंपाकाचा ओटा तिच्या कोपराच्या मापाने घातला. आमच्याकडे ओट्याचं माप असंच घेतात. रांधणाऱ्या बाईला उभं करायचं आणि तिच्या कोपराच्या चार बोटं खाली खूण करायची. पुढे सून आली ती ठेंगणी. ओटा तिच्या छातीला लागे. मग पायाखाली लाकडी पाट घेऊन ती भाकरी थापायला लागली. ओटा थोडा खाली घेता येईल का, असं तिने नव्या नवलाईत एकदा विचारलं होतं. त्यावर गोदाबाई म्हणाली, “ओटा का वर-खाली होते का वं? मानसानंच जमवून घ्या लागते.”

चंदाने जमवून घेतलं. एका पोळ्याला पुरणाची डाळ उतरवताना पायाखालचा पाट सरकला आणि उकळत्या पाण्यासकट पातेलं तिच्या डाव्या हातावर आलं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली. त्या दिवशी पोळ्या सासूने लाटल्या, पाहुणे जेवले, आणि सणाच्या दिवशी सुनेनं विघ्न केलं ही गोष्ट गोदाबाई मरेपर्यंत सांगत राहिली. हात बरा झाला. पाट तिथेच राहिला.

गोदाबाई गेली, वर्षश्राद्ध झालं. चंदाच्या मुलाचं, गजेंद्रचं, परतवाड्याच्या वर्षालीशी लग्न ठरलं आणि चंदाच्या नवऱ्याने, जानरावजींनी, लग्नाआधी स्वयंपाकघर नवं करायचं काढलं. त्या संध्याकाळी चंदा माझ्याकडे आली. इतकी खुलून बोलताना मी तिला कधी पाहिली नव्हती.

“मले ट्रॉल्या नाही पाह्यजे, चिमणी नाही पाह्यजे,” ती म्हणाली. “ओटा तेवढा माह्या कोपराच्या खाली आला पाह्यजे. जमिनीवर पाय टेकवून सयपाक कराचा आहे मले. बाकी कसंही करा म्हना.”

रविवारी रऊफमिस्त्री आले. चंदाने मलाही बोलावून घेतलं. गजेंद्र पुण्याहून मोबाइलच्या पडद्यावर हजर होता. शेगडी आग्नेयेला, रांधणारीचं तोंड पूर्वेला, यावर जानरावजी अडून बसले. तिथे खिडकी होती, ती बुजवायचं ठरलं. गजेंद्रने ट्रॉल्यांची चित्रं पाठवली. टाइल्सच्या रंगावरून बापलेकांची चांगलीच जुंपली. चंदा दारात उभी होती. ठेवणीतलं पातळ नेसली होती, केस नीट विंचरले होते. फोटो काढायचाय की काय, असं मी तिला चिडवलं तर लाजली.

अखेर मिस्त्री टेप सोडत म्हणाले, “भाभी, या इकडे. ओट्याचं माप घेऊन घेतो.”

ती भिंतीशी ताठ उभी राहिली. मिस्त्रींनी टेप तिच्या कोपराशी धरला, पेन्सिल भिंतीला लावली, तेवढ्यात जानरावजी म्हणाले, “थांबा रऊफभाई. हिचं माप कायले घेता? हिचं का, झालं आता. नवी सून येऊन राहिली, तिच्या मापाचा करा.”

“बाबा, आम्ही तर पुण्यातच राहणार,” पडद्यातून गजेंद्र म्हणाला.

“सनासुदीले तं यान ना? सुनेले घरात पाय ठेवल्या ठेवल्या गैरसोय नाही झाली पाह्यजे. इचार तिले.”

मुलाने विचारलं. आई समोर उभी असताना त्याने दुसऱ्या फोनवरून वर्षालीला फोन लावला, तिची उंची विचारली आणि सांगूनही टाकली. पोरगी उंच. मिस्त्रींनी चंदाच्या कोपराजवळची खूण अंगठ्याने पुसली आणि बरीच वर दुसरी काढली. ती जुन्या ओट्याच्याच उंचीला आली.

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, “भाऊजी, रोज रांधणार कोण?”

“वहिनी, आमच्या घरचं आमाले पाहू द्या,” जानरावजी म्हणाले.

मी चंदाकडे पाहिलं. तिने नको म्हणून मान हलवली आणि चहा ठेवायला ओट्याकडे वळली. वर्षालीचा यात काडीचा दोष नव्हता. तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

लग्न झालं. दिवाळीला वर्षाली दोन दिवस आली. पोरगी गुणाची निघाली. पदर खोचून तिने चकल्या तळल्या. मी खाली बसून करंज्या भरत होते आणि चंदा माझ्याशेजारी पारी लाटत होती.

“आई, ओटा किती छान झालाय!” वर्षाली म्हणाली. “पुण्याच्या घरी पाठ मोडते माझी. इथे वाकावंच लागत नाही. उंची तुम्हीच ठरवली ना?”

माझ्या हातातली करंजी तशीच राहिली.

“हो,” चंदा म्हणाली, “मीच ठरवली.”

चकल्यांचं ताट घेऊन सून बाहेर गेली आणि मी चंदावर उसळलेच. “खोटं काहून बोलली वं? तिले तरी कळू द्यायचं होतं खरं काय ते!”

चंदा पारी लाटतच होती. डावा हात तिला अजूनही नीट दाबता येत नाही.

“अवं, हे तू ठरवलं का म्हनून या घरात मले कोनं इचारलं कधी?” ती म्हणाली. “आज पयल्यांदा कोनी इचारलं. नाही म्हनाचं जिवावर आलं माह्या.”