पहिली मूठ

‘पांढऱ्या पायाची’ हा शब्द कानावर पडला की जाधव सर हातातला चहा तसाच खाली ठेवून उठायचे. गोरेगावात त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं. त्यांची आणि आमची भिंत एकच. एकुलता मुलगा लग्नानंतर चार महिन्यांत जीप उलटून गेला, आणि तो शब्द त्यांच्या सुनेला, सविताला चिकटला.

“सर, किती ठिकाणाहून उठाल?” मी एकदा विचारलं.

“इंग्रजांकडंबी असा शब्द होता. अनसीली. त्यांच्या जुन्या भाषेत चांगल्या वेळेला, सुखाला एक शब्द होता, त्यावरून आला. सुख ज्याच्या वाट्याला न्हाई तो अनसीली, कमनशिबी. आता तिकडं कोणाला ठाऊक न्हाई.”

“काहून?”

“लोकांनी बोलायचं सोडलं. शब्द असाच मरतो.”

आमच्याकडे पेरणीची पहिली मूठ घरची सवाशीण तिफणीच्या चाड्यात, म्हणजे बी ओतायच्या लाकडी वाटीत, सोडते. सरांच्या पत्नी गेल्यापासून शेजारची कोणीतरी यायची. मुलगा गेला त्या साली सरांनी सविताला उभं केलं. तिफण हाकणारा मारोती बाजूला झाला.

“सर, मला लेकरंबाळं हायती. मी न्हाई हाकणार.”

“नको हाकू. कासरा दे इकडं.”

सविताने मूठ सोडली, सरांनी बैल हाकले. तासं वाकडीतिकडी गेली. “सर, फळ्यावर लिवून राहिले का?” मारोती बांधावरून ओरडला. सगळे हसले. सरही हसले.

पुढे पावसाने ताण दिला आणि बी वाया गेलं.

“म्या सांगितलं व्हतं,” मारोती म्हणाला.

“सेनगावापर्यंत कोणाचंच उगवलं न्हाई. तिथंबी हिनंच मूठ सोडली का?”

पटलं कोणालाच नाही. दुबार पेरणीलाही सविताच उभी राहिली. सोयाबीन चांगलं आलं. त्याचं श्रेय तिला कोणी दिलं नाही.

यंदा उन्हाळ्यात सर झोपेतच गेले. तेराव्याच्या पंगतीत बायका म्हणाल्या, “आता सासराबी खाल्ला.” सविता वरण वाढत होती. ती पुढच्या पानाकडे गेली.

मृगात मारोती आला नाही. तिने सेनगावहून ट्रॅक्टर बोलावला. ड्रायव्हर परगावचा होता.

“ताई, घरची सवाशीण बोलवा. मूठ सोडली की लावतो.”

“घरची मीच हाय.”

त्याने तिच्या कपाळाकडे पाहिलं, मग बांधावर उभ्या असलेल्या माझ्याकडे.

“बराबर हाय,” मी म्हणालो.

सविताने पोत्यात हात घातला, मूठ भरून पेरणीयंत्रात सोडली आणि मागे सरकली. ड्रायव्हरने ट्रॅक्टर चालू केला.