लोसालीनेचा शब्द

सोमवारी सकाळी भावजय स्वतः टोपली घेऊन आली, तेव्हाच लोसालीनेने ओळखलं की हिला काहीतरी मागायचंय. रविवारच्या भट्टीतलं उरलेलं लू, म्हणजे पानांत बांधून भाजलेलं मांस, अनासेइनी एरवी कुणाच्याही हाती पाठवून द्यायची. आज मात्र अळूच्या पानांचं ते गाठोडं तिने नव्याने गरम केलं होतं, आणि केसही नीट विंचरले होते.

"वन्सं, गरम आहे तोवर खाऊन घ्या."

"ठेव तिथे. आणि बस आधी. उभ्या उभ्या मागितलेलं मला देता येत नाही."

लोसालीने बासष्ट वर्षांची. नवरा समुद्रात गेला त्याला वीस वर्षं झाली, मूलबाळ नाही. कोलोवाई गावात तिच्याइतकी घट्ट चटई कुणी विणत नसे. केतकीची पानं समुद्राच्या पाण्यात किती दिवस बुडवायची, उन्हात कधी काढायची, हे ती नुसत्या वासावरून सांगे. धाकटा भाऊ होसेआ दहा पावलांवरच्या घरात राहायचा. पण टोंगात जाणते भाऊबहीण एका छपराखाली बसत नाहीत. होसेआ बारा वर्षांचा झाला तेव्हा त्याची झोपायची खोपटी वेगळी झाली, आणि तेव्हापासून त्याची बातमी लोसालीनेला कुणाच्या तरी तोंडूनच कळे. आई गेली त्या दिवशीसुद्धा तो खिडकीबाहेर उभा होता.

हा सगळा बहिणीचा मान. भावाच्या मुलांवर तर आत्याचा अधिकार बापापेक्षा मोठा. भावाचा मुलगा पेनी, त्याचं नाव तिनेच ठेवलेलं. ती नाही म्हणाली, की त्या घरात तो विषय संपला.

"पेनीने पलटणीच्या मोहिमेसाठी पुन्हा नाव दिलंय," अनासेइनी म्हणाली. "अफगाणिस्तानात. तोच इंग्रजांचा तळ, तेच सहा महिने. एकदा गेला, धडधाकट आला. आता कशाला? आल्यापासून दाराकडे तोंड केल्याशिवाय जेवायला बसत नाही तो. तुम्ही नुसतं नाही म्हणा, वन्सं. मी म्हटलं तर रडते म्हणेल. त्याचा बाप काही बोलतच नाही."

"होसेआला काय वाटतं?"

"त्यांना काय वाटतं ते चाळीस वर्षं झाली, मी अजून शोधतेय."

लोसालीनेला हसू आलं, पण मांडीवरची चटई विणणारे हात थांबले नाहीत. भावाच्या घरात 'नाही' हा शब्द तिने एकदाच वापरला होता. पेनीची थोरली बहीण तोआकासे ऑकलंडला नर्सिंग शिकायला निघाली होती. तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून लोसालीने नाही म्हणाली. पोरीने बॅग उघडली, कपडे परत फळीवर लावले. आजीचं सगळं केलं. आता ती गावातल्या पावाच्या दुकानात बसते, भेटली की आत्याच्या गालाला गाल लावते. एका शब्दाने कधी बोलून दाखवलं नाही. तेच लोसालीनेला जड जातं.

"पेनीला येऊ दे," ती म्हणाली. "त्याच्या तोंडून ऐकते."

दुपारी पेनी आला. गणवेशावर कमरेला त्याने आजोबांची जीर्ण चटई गुंडाळली होती, ती जितकी विरलेली तितकी मानाची. तो आत येऊन मान खाली घालून मांडी घालून बसला. होसेआही आला होता, पण बाहेर, विणलेल्या भिंतीला पाठ लावून. अनासेइनी उंबऱ्यावर बसली, तिला दोन्हीकडचं दिसत होतं.

"सही केलीस?"

"नाही, आत्या. साहेबांना म्हटलं, आत्याला विचारून करतो. ते म्हणाले, बरोबर आहे, विचारून ये. त्यांनाही आत्या आहे."

"हं. मग सांग. आपण सगळा देश मिळून लाखभर माणसं. जगाच्या त्या टोकाला बॉम्ब लावणाऱ्यांशी आपलं काय भांडण?"

पेनीने जरा विचार केला. "मोठं मला सांगता येणार नाही. आम्ही पंचावन्न जण असतो. फाटकावर आणि बुरुजांवर पहारा देतो. आम्ही जागे असलो की आत इतर देशांची हजारो माणसं निवांत जेवतात. एवढंच काम."

"मग ते काम दुसरा कुणी करेल की," उंबऱ्यावरून आई म्हणाली.

"करेल ना. मागच्या वेळी आमच्या तुकडीतल्या सेमिसीने केलं तसं." पेनीच्या ओठांच्या कडा हलल्या. "पहिलाच आठवडा. खालून रेडिओवर विचारलं, सगळं ठीक आहे का? सेमिसीने भुवया उचलल्या."

विणता विणता लोसालीनेचे हात थांबले. "मग? हो म्हणाला ना तो."

"आपल्याकडे म्हणाला. रेडिओला भुवया कुठल्या दिसतात, आत्या? त्यांनी पुन्हा विचारलं. याने आणखी उंच उचलल्या. चार मिनिटांत दोन गाड्या भरून इंग्रज बंदुका ताणून बुरुजाखाली. वर हा आपला नारळाची वडी खातोय."

अनासेइनी तोंडावर हात धरून हसली, आणि हसल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

"या तुकडीतले चाळीस जण पहिल्यांदाच बेटाबाहेर पडतायत," पेनी म्हणाला. "तेव्हा नुसत्या गाड्या आल्या. उद्या कुणी गोळी झाडेल. मी असलो तर पहिल्या दिवसापासून त्यांना तोंडाने बोलायला लावीन. म्हणून नाव दिलं. तुम्ही नाही म्हणालात तर नाही. मनात काही धरणार नाही."

हेच तर तोआकासेही म्हणाली असती, कुणी विचारलं असतं तर. लोसालीनेने पोराकडे पाहिलं. इथेही तो दाराकडे तोंड करूनच बसला होता. तिला भीती वाटली, भावजयीइतकीच. मग तिने भुवया उचलल्या.

पेनीने मान लववली. पण भिंतीपलीकडून खाकरल्याचा आवाज आला.

"अनासेइनी," होसेआ हवेत बघून बोलल्यासारखा म्हणाला, "उत्तर आलं का?"

पेनीने सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण लोसालीनेने हात वर करून त्याला थांबवलं. भुवया उचलणं सोपं होतं, उद्या काही बरंवाईट झालं तर त्या उचलल्या होत्या की नव्हत्या, कोण सांगणार. ती भिंतीकडे वळली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा भावाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"हो. जाऊ दे त्याला. मी हो म्हटलंय, हे लक्षात असू दे."

पलीकडून काहीच आलं नाही. लोसालीने वाट बघत राहिली.

"भुवया उचलल्या त्यांनी, वन्सं," उंबऱ्यावरून अनासेइनी म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. ती उठून आत आली, लूची टोपली नणंदेपुढे सरकवली, आणि चटईची दुसरी कड मांडीवर ओढून विणायला बसली.

"ही पेनीच्या लग्नाचीच ना?"

"त्याचीच."

"मग सहा महिन्यांत व्हायला हवी," ती म्हणाली, आणि पान घट्ट ओढलं.