वासूचा अंगठा

कुणाविषयी लिहावं एवढा मी मोठा नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेतल्या निबंधांपलीकडे आजवर काही लिहिलेलं नाही. शिवाय ज्याच्याविषयी लिहितोय, त्याचा मी मनापासून हेवा केला. तेव्हा सांभाळून घ्यावं.

वासू उजव्या पायाच्या अंगठ्याने गाणं ऐकायचा. मालवणच्या बाजारात तबकडीकाकांचं दुकान होतं. पुढे रेडिओदुरुस्ती, मागे तबकड्यांचं कपाट. काका एस.टी.ने कोल्हापूरला जात आणि नव्या तबकडीची एकच प्रत आणत. रविवारी ती आधी वासूला ऐकवत. बर्फाच्या कारखान्यात कामाला असलेला, सातवीत शाळा सुटलेला वासू चपला काढून स्टुलावर बसे, गारठलेले हात काखेत घाली आणि डोळे मिटे. अंगठा हलला, तर काका पुढच्या खेपेला आणखी प्रती आणत. "तोंड खोटा बोलता, आंगठो नाय," ते म्हणत. सगळा बाजार वासूला 'पयलो कान' म्हणायचा.

मला ते स्टूल हवं होतं. गाणी मीही तीच ऐकायचो, पण दारात उभा राहून, त्याच्यानंतर. कॉलेजच्या ग्रंथालयातून रागांवरचं पुस्तक आणून मी टिपणं काढली होती. वासूला एका रागाचं नाव येत नव्हतं. "तुला यातलं कळतं काय?" मी एकदा विचारलंच.

"काय्येक नाय," तो हसला. "माका फक्त बरा वाटता."

त्या उत्तराने मी आठवडाभर जळत होतो. घरी अभ्यासाला बसलो की अंगठा हलवायची सवय करू लागलो. आई म्हणाली, "पायाक मुंगये इले काय रे?"

एका रविवारी वासूला उशीर झाला. मी धीर करून विचारलं, "काका, आज मी बसू?" ते "बस" म्हणाले. मी चपला काढल्या, डोळे मिटले. जाड, संथ आवाज सुरू झाला. अंगठा इमानाने हलवत मी म्हणालो, "गायकाचा खर्ज काय गंभीर आहे!"

"अरे कॉलेजवाल्या," दारातून वासू ओरडला, "तो बापयो नाय, बाई आसा! काका, वेग वाढवा, बाईक झोप इली!"

काकांनी छोटी तबकडी मोठीच्या वेगावर लावली होती. वेग बदलताच कोवळा, बारीक आवाज आला. काका डोळ्यांत पाणी येईतो हसले. वासूने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो गार तळवा मला कितीतरी दिवस सहन झाला नाही.

पुढच्या वर्षी त्याला बोटीवर काम मिळालं. स्टँडवर निरोपाला मी गेलो नाही; झालेला आनंद तोंडावर दिसेल अशी भीती वाटली. तो गेल्यावरच्या पहिल्याच रविवारी काकांनी स्टुलाकडे बोट दाखवलं. "बस. आता तू."

वर्षभर मी बसलो. माझा अंगठा प्रत्येक गाण्याला हलला. काका तबकड्या आणत राहिले, न खपलेल्यांनी कपाट भरत गेलं, आणि ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. मला वाटलं, ही जागा मी कमावली.

मग पुढच्या शिक्षणासाठी सावंतवाडीला आलो. परवा काकांचं कार्ड आलं. दुकान बंद करताहेत. सगळ्यांना आता कॅसेटी हव्यात. वासूचं पत्र नाही, पण बोटीवर बरा आहे असं कळलं. खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'एक सांगायचं राहिलं होतं. जाताना वासू म्हणालेला, स्टुलार त्येकाच बसवा. आंगठो खोटो आसा त्येचो, पण ऐकूक दर आयतवारी येतलो.'