गुडघाभर पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवळात बसून देवालाही नाही. देवाला ठाऊक असेल म्हणा — पण तो आपणहून विषय काढत नाही, म्हणून आमचं निभतंय. तुम्ही आमच्या वस्तीचे नाही, उद्या वाटेत भेटणार नाही. म्हणूनच तुम्हाला सांगायचं धाडस होतंय का? असेल. म्हणजे सुरुवातच भित्रेपणाने झाली.

वस्ती सोलापूर जिल्ह्यातली, उजनीच्या पाण्याकाठची. पाणी एवढं की वारा सुटला की लाटा येतात, आणि नवा पाहुणा हमखास म्हणतो, "ह्यो तर समुद्रच की!" आमच्या आज्याची जमीन धरणात गेली, म्हणून आम्ही वर माळाला सरकलो, ऊस-केळी लावून आहोत. पाणी आल्यावर मासे धरणारी माणसं आली, ती खाली काठाला राहिली. मूठभर घरं. आज कुणाकडे कसलं कालवण शिजतंय ते वासावरून सगळ्यांना कळतं. अशा ठिकाणी एखादी गोष्ट लपते का? लपते. मी लपवली आहे.

उन्हाळ्यात पाणी मागे सरतं आणि पिकाला पाणी उपसणाऱ्या आमच्या मोटारी त्याच्या मागे मागे खाली जातात. केबल कमी पडली की नवी जोडायची, जोडावर टेप गुंडाळायची, जोड मेखेवर टांगून ठेवायचा. सकाळी त्याच पाण्यात खालची माणसं जाळी काढत असतात. म्हणून वस्तीचा एक रिवाज होता — मोटार सुरू करण्याआधी काठावरून हाळी द्यायची, पाण्यातल्यानं बाहेर येऊन ओ द्यायची, मगच बटण दाबायचं. आणि उन्हाळ्यात कुणीही ऑटो लावायचा नाही. ऑटो लावला की लाईट आल्या आल्या मोटार आपोआप सुरू होते, माणूस लागत नाही. देवळापुढे बसून सगळ्यांनी हे ठरवलं होतं. मीही मोठ्या तोंडानं "व्हय व्हय" म्हणालो होतो.

दत्तू खालच्या वस्तीतला, माझ्याच वर्गातला. चांगली चिलापी मासळी गावली की आधी आमच्या घरी आणून द्यायचा. दारूचं म्हणाल तर, वरातीत सगळे झिंगून नाचायचे आणि हा सरबत पिऊन त्यांच्याहून जास्त नाचायचा. आम्ही त्याला त्यावरून किती चिडवायचो!

एका वर्षी उन्हाळ्यात केळी ऐन घडावर होती. आठवडाभर पहाटेची लाईट होती, आणि मला उठायचा कंटाळा आला. एवढंच. काही मोठं कारण असतं तर मलाच जरा बरं वाटलं असतं. मी ऑटो लावून झोपलो. केबलचा जोड मेखेवरून घसरून पाण्यात पडलाय, हे संध्याकाळी मी बघितलं होतं — हो, बघितलं होतं. उद्या टांगू, म्हटलं.

उजाडल्यावर गेलो तर मोटार चालू होती. आणि दत्तू गुडघाभर पाण्यात पालथा पडलेला, जाळ्याचा दोर हातात तसाच. मला बघताक्षणी कळलं, जोडातून करंट पाण्यात उतरलाय. मी धावलो — मोटारीच्या बटणाच्या पेटीकडे. मोटार बंद केली. तिथवर ठीक. पण मग मी ऑटो काढला. मग केबल ओढून वर घेतली, जोड धोतराला पुसला, मेखेवर टांगला. आणि मग दत्तूला उताणा केला. तोवर त्याच्यात धुगधुगी होती का? मला माहीत नाही. हे माहीत नसणं माझं मीच करून ठेवलंय.

माणसं जमली. जो तो एकच विचारत होता, पाण्यावर वाढलेला गडी गुडघाभर पाण्यात बुडतो कसा? कुणीतरी माझ्या मोटारीकडे बघितलं — की मलाच तसं वाटलं? मी म्हणालो, "तोंडाला वास येत हुता." दारू हा शब्द मी काढलासुद्धा नाही. तो बाकीच्यांनी पुरवला. बाहेर कुणाला कळवायची गरज कुणाला वाटली नाही, दुपारपर्यंत सगळं उरकलं.

तुम्हाला वाटेल, हेच सांगायचं होतं. नाही. एवढंच असतं तर...

त्याची बायको, सुमन, हे मानायलाच तयार नव्हती. धुण्यावर, दळणाच्या रांगेत, जिथं विषय निघेल तिथं भांडायची. पोरगी तर तिच्या वरताण. शाळेत कुणी 'दारुड्याची' म्हणालं की अंगावर जायची. एकाचा दात पाडला तिनं. सगळी वस्ती एका बाजूला आणि या मायलेकी एका बाजूला. मला त्यांची भीती वाटायची, आणि — खोटं वाटेल — अभिमानही वाटायचा.

दोनेक वर्षांनी एका दुपारी सुमन आमच्या ओसरीवर आली. पोरगी बाहेर लिंबाखाली थांबली. घरात मी एकटाच.

"भावजी," ती म्हणाली, "त्यास्नी पयल्यांदा तुमी बघितलं. मी लई भांडले समद्यांसंगं. पर आता माझं मलाच कळंना झालंय. माझ्या माघारी पीत हुते का वो? तुमी सांगाल त्ये मी खरं मानीन."

ऑटो, जोड, सगळं जिभेवर आलं होतं. तोंडही उघडलं होतं मी. ती वाट बघत होती. घाई करत नव्हती, रडतही नव्हती. आणि मी खाली बघून मान हलवली. हो म्हणून.

"बरं," ती म्हणाली. चहा नको म्हणाली. उठून लिंबाखाली गेली आणि माझ्यादेखत पोरीला म्हणाली, "चल. लोकं खरं बोलत्यात. तुझा बाप पीत हुता."

पोरीनं माझ्याकडे बघितलं. मी ओसरीवरच उभा होतो. त्या दिवसानंतर ती पोरगी कुणाशीच भांडली नाही.