ती पुढं, मी मागं

गाव सोडलं त्या दिवशी साक्रीच्या स्टँडवर मी बायकोलाच विसरलो. आपल्याकडं बाई नवऱ्याच्या मागं चालते, अन् मागं वळून बघणारा नवरा म्हणजे बायल्या. मी ऐटीत चढलो, खिडकी धरली. गाडी हलली. "दोन तिकिटं," म्हटलं. कंडक्टर म्हणाला, "दुसरं माणूस कुठंय?" खाली सुनंदा, डोक्यावर बोचकं, गाडीमागं ढांगा टाकत. चढली अन् म्हणाली, "उठा. खिडकीत मी बसणार."

सिल्वासात राखोलीला खोली घेतली, खडोलीला धाग्याच्या कंपनीत दोघं लागलो. मी हेल्पर होतो, आजही हेल्पर आहे. ती आता पॅकिंगची अख्खी लाइन सांभाळते. शेठशी गुजराती, यूपीच्या पोरांशी हिंदी, माझ्याशी फक्त "चला लवकर!" हजेरीचं पंचिंग चुकू नये म्हणून ती पुढं, दोन डबे घेऊन मी मागं, धापा टाकत.

हे बघून आमची प्रीती एकदा म्हणाली, "पप्पा, मम्मी तुम्हाला आउटस्ट्राइड करते." मला वाटलं शिवी आहे. ती इंग्रजी शाळेतली. म्हणाली, "लांब ढांगा टाकून दुसऱ्याला मागं टाकणं. कामात, हुशारीत पण चालतं. पण टीचर म्हणतात, हा शब्द फार कोणी वापरत नाही." म्हटलं, आपल्याकडं रोज लागेल. आता दूध उतू गेलं तरी दुधानं मला आउटस्ट्राइड केलेलं असतं.

भाऊ, हे सगळं लिहितोय कारण परवा तुमचा फोन आला. पुतणीच्या लग्नाला बोलावलंत, बरं वाटलं. पण वर म्हणालात, "वेशीपासून तरी तू पुढं चाल. भाऊबंदांत हसू होतं. जमत नसेल तर येऊ नको."

भाऊ, लोक माझ्यावर मी नुसता उभा असलो तरी हसतात. आम्ही हळदीलाच येतोय. सुनंदा पुढं, प्रीती मधी, मी मागं, सगळ्या पिशव्या घेऊन. मांडवात बसून पोटभर हसा. पण तिला कोणी "मागं हो" म्हटलं, तर तिघं आल्या पावली परत. न जेवता. मी पंगत सोडतोय म्हणजे समजून घ्या.

माय म्हणायची, "आपली वाट बघतात ते घर." इथं माझी कोणी वाट बघत नाही. मी पोचेस्तोवर कुलूप उघडलेलं असतं, तिचा चहा पिऊन झालेला असतो, अन् माझा कप बशीखाली झाकलेला. मी त्यालाच घर म्हणतो.