कोठीवाल्या काकूंचा चार्ज

चार्ज घेणं म्हणजे काय, हे आमच्या अख्ख्या जव्हारात फक्त कोठीवाल्या काकूंना कळलं होतं. आम्ही कारकून मंडळी तो शब्द कचेरीत वापरत होतो, इतकंच. काकू आमच्या शेजारीण. त्यांचे यजमान संस्थानच्या कोठीवर, म्हणजे धान्याच्या भांडारावर. संस्थान विलीन झालं तेव्हा नव्या सरकारचा अधिकारी कोठी घ्यायला आला आणि काकूंनी ते दाराआडून पाहिलं. पोती झाली, तराजू झाले, मापं झाली, शेवटी किल्ल्या. ‘चार्ज दिला.’ ‘चार्ज घेतला.’ दोघांनी एकमेकांना नमस्कार केला आणि काका टोपी घालून घरी आले.

“राज्य गेलं हो, पण कुणाचा आवाज चढला नाही,” काकू सांगत. “आणि आपल्याकडे सासूनं सुनेच्या हाती दुधाचं पातेलं द्यायचं तर आळी गोळा होते! ताबा कुणीही मारतो. चार्ज दिल्याशिवाय घेता येत नाही, अन् घेतला की परत करावा लागतो.”

तेव्हापासून काकूंनी हा कायदा गावाला लावला. लग्नघरी त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहत. यजमानीण दोन माणसांदेखत “चार्ज दिला” म्हणेपर्यंत आत पाऊल टाकत नसत, आणि एकदा टाकलं की वधूपित्यालाही चहा मिळत नसे. “बाप असाल मांडवात. इथं तुम्ही चार्जबाहेर!” मोखाड्याच्या मोटारीचा ड्रायव्हर बदलला, तर जुना “दिला, बाई, दिला!” असं ओरडेपर्यंत त्या खालीच उभ्या. उतारू चिडत, पण मोटार काकूंना सोडून कधी गेली नाही.

मग आमच्या घरी विषमज्वर आला. बायको अंथरुणाला खिळली, पोरं लहान. मी हात जोडून म्हणालो, “काकू, घर तुमच्या हवाली.”

“तुमच्याकडे आहे का चार्ज?” असं विचारून त्या थेट अंथरुणाशी गेल्या. बायकोनं तापात मान हलवली, तेव्हाच काकूंनी तिच्या उशाखालच्या किल्ल्या घेऊन पदर खोचला. पुढं तीन आठवडे घर असं चाललं की तसं मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. खर्च कमी, पोरं वेळेवर जेवलेली, कंदिलाची काचसुद्धा लख्ख.

ताप उतरला, पण बायको उठेना. भिंतीकडे तोंड करून पडून राही, पेज तशीच ठेवी. डॉक्टर म्हणाले, आता औषधाचं काम संपलं. एका सकाळी ती म्हणाली, “माझ्यावाचून छान चाललंय की.” मी घाबरलो.

काकू चुलीपाशी होत्या. त्यांनी ते ऐकलं. अर्धा शिजलेला भात तसाच ठेवून त्या बाहेर आल्या आणि किल्ल्या तिच्या उशाशी ठेवल्या. “चार्ज परत.”

“काकू, तिला बसवत नाही!”

“बसायला कोण सांगतंय? राजे काय भाकऱ्या थापायचे?” असं म्हणून त्या उंबऱ्याबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

तेवढ्यात मोळीवाली आली. “बाय, मोळी कठं टाकू?”

“मला काय विचारतेस? मालकिणीला विचार.”

मी तोंड उघडलं, तर काकूंनी डोळे वटारले. आत भात करपल्याचा वास सुटला. मोळीवाली मान वाकवून उभी.

“परसात टाक,” भिंतीकडून आवाज आला. मग कूस बदलली. “थांब. ओली दिसतेय.”

“वली नाय बाय! जंगलातनं डोईवर आणली. सहा आणे.”

“ओलीच आहे. पाच देईन.” हे बोलताना ती कोपरावर उठली होती. मला म्हणाली, “बघत काय बसलात? भात उतरवा!”

मी भात उतरवून आलो तोवर पाच आणे तिच्या हातून मोळीवालीला पोचले होते. दमून ती भिंतीला टेकली होती, पण बसली होती.

“काकू, बाहेर का उभ्या? चहा टाका, दोघींपुरता.”

काकू आत गेल्या. फडताळातला डबा त्यांनीच आदल्या दिवशी भरला होता. तरी आतून त्यांनी मोठ्यानं विचारलं, “अगं, साखर कुठल्या डब्यात ठेवतेस?”