रंगारीण मावशीचं निळं बोट

गल्लीत कुजबुज होती, की रंगारीण मावशी दोनदा मत द्यायला जाते आणि पकडली जाते. सांगणारे शपथेवर सांगत. बघितलेलं कुणीच नव्हतं, पण अशा साक्षीदारांना कुठल्याच गल्लीत तोटा नसतो.

मावशीचा धंदा कापड रंगवण्याचा. दिवसभर हात रंगाच्या पिंपात. बोटं निळी, नखं जांभळी. मतदानाला गेली की टेबलामागचा साहेब बोट बघायचा आणि म्हणायचा, "शाई लागलेली आहे. चला, पुढचा!" अरे, शाई काय दहाही बोटांना लावतात? पण डोळे उघडून बघायचा पगार वेगळा मिळत नाही ना!

या खेपेला मावशी हट्टाला पेटली. दारातल्या उघड्या गटारावर झाकण टाकायला जुना नगरसेवक तयार नव्हता, त्याला पाडायचंच होतं. तिनं पिंपं झाकली. लिंबू, सोडा, विटकर, जे हाताला लागेल त्यानं बोटं घासली.

"अहो जाऊबाई, मत द्यायचंय की बोट?" धाकटी जाऊ म्हणाली.

"झाकण पडणार असेल तर बोटही देईन गं!"

कातडी सोलली, नखातला रंग काही हलेना.

साहेबानं हात उलटसुलट केला. "बाई, तुम्ही देऊन आलात."

"हा कापडाचा रंग आहे साहेब! यादीत माझ्यापुढं खूण आहे का बघा की."

"यादी नंतर. आधी बोट."

"मग ह्याला विचारा!" मावशीनं बाकावरच्या कार्यकर्त्याकडे हात केला. नगरसेवकाचा उजवा हात तो. प्रचाराचे सगळे झेंडे तिनंच रंगवून दिलेले. आणि गटाराचं गाऱ्हाणंही त्याच्याच कानावर घातलेलं, त्यामुळे हे मत कुठं पडणार ते त्याला पक्कं ठाऊक. गृहस्थानं सावकाश चष्मा पुसला.

"कोण जाणे बुवा. तोंड ओळखीचं नाही."

"तोंड मरू दे, झेंडा तरी ओळखतोस का मेल्या?"

रांग खदखदून हसली. शिपायानं मावशीला दंडाला धरून बाहेर काढलं, तेव्हा त्या हसऱ्या तोंडांतून 'थांबा' एवढा एक शब्द निघाला नाही.

निकाल लागला, जुनाच नगरसेवक पुन्हा निवडून आला. तोंड न ओळखणारा तोच पठ्ठ्या विजयाच्या झेंड्यांचं कापड घेऊन, "मावशी, जरा गडद हं!" म्हणत दारात हजर. लाज कोळून प्यायलेला! मावशीनं गठ्ठा उचलला आणि उघड्या गटारात भिरकावला.

"घे. तुमच्याच रंगाचं पाणी आहे."

तेव्हापासून ती कुजबुज सुरू झाली. उठवणारा कोण, हे सांगायला नको.

मावशीनं दोनदा मत दिलेलं नाही. एकदाही दिलेलं नाही.